दोघांवर केस, दोघंही जामिनावर: नवरा-बायकोने एकमेकांना भेटायचं कसं?

जामीन मंजूर झाला की पाहुणे कंदी पेढे घेऊन घरी येतात आणि आदेशाचा कागद वकिलांच्या फायलीतच राहतो. नवरा-बायको दोघंही आरोपी असतील तर घोळाची सुरुवात इथूनच होते. ‘आम्ही लग्नाचे नवरा-बायको, आम्हाला कोण अडवणार?’ असं सातारा-सांगलीच्या कोर्टांच्या आवारात सर्रास बोललं जातं. कोर्ट अडवू शकतं. उलट बाजूला अशीही जोडपी असतात, ज्यांच्या आदेशात भेटीबद्दल अवाक्षर नसतं, पण कुणीतरी ‘लांब राहा बरं का’ म्हणालं म्हणून बायको माहेरी आणि नवरा रानातल्या वस्तीवर अशी राहत असतात. दोन्हींचं मूळ एकच: आदेश कुणी वाचलेलाच नसतो.

दोघांवर एकदम केस होणं आपल्याकडे नवलाचं नाही. पतसंस्थेत दोघंही संचालक असतात. बेदाण्याची नाहीतर हळदीची फर्म बायकोच्या नावावर आणि व्यवहार नवऱ्याचा असतो. बांधावरच्या भांडणात भावकी फिर्यादीत घरातल्या सगळ्यांचीच नावं घालते. आणि एक प्रकार अगदी वेगळा: नवरा-बायकोनेच एकमेकांवर गुन्हे दाखल केलेले, दोघंही जामिनावर. हा शेवटचा प्रकार बाकीच्यांत मिसळू नका, त्याचे नियम कडक आहेत. त्यावर पुढे बोलू.

आधी कागद हातात घ्या

वकिलांकडून आदेशाची प्रत मागा. ती नसेल तर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर) टाकून आदेश बघता येतो. ते जमत नसेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. ती पुढे लागणारच आहे. सेशन कोर्टाचे जामिनाचे आदेश बहुधा इंग्रजीत असतात. तो कुणाकडून तरी ओळीनं मराठीत वाचून घ्या आणि अटी वहीत उतरवा. ‘वकीलसाहेब म्हणाले काही नाही’ यावर थांबू नका. त्यांच्याकडे शंभर पक्षकार असतात.

अंतरिम (तात्पुरता) जामीन आणि कायम जामीन यांच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून सगळ्यात शेवटचा आदेश बघायचा. आणि दोघांचे आदेश बघायचे. नवऱ्याला कराडच्या कोर्टानं जामीन दिला आणि बायकोला अटकपूर्व मिळाला, तर कागद दोन आहेत आणि अटीही दोन तऱ्हेच्या असतील.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जामिनाची जुनी, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतली, ४३७, ४३८ आणि ४३९ ही कलमं आता ४८०, ४८२ आणि ४८३ झाली आहेत. कोर्टाच्या आवारात अजून दोन्ही आकडे चालतात, गोंधळून जाऊ नका.

जामिनाशिवाय आणखी चार कागद माणसाला बांधतात: चॅप्टर केसमधला (शांतता राखण्याच्या हमीचा) बाँड, परिवीक्षेचा (शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा) बाँड, तडीपारीचा (हद्दीबाहेर घालवण्याचा) आदेश आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण आदेश. प्रत्येकाचा मालक वेगळा. चॅप्टर केसचा बाँड तहसीलदार किंवा प्रांत यांच्यापुढे होतो, त्यातली अट सेशन कोर्टाच्या जामीन आदेशानं आपोआप सुटत नाही. ज्यानं घातली त्याच्याकडे, नाहीतर त्याच्या वरच्याकडे जायचं.

अट नक्की काय म्हणते?

साधारण तीन तऱ्हेची वाक्यं सापडतात.

पहिलं: सहआरोपीशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क ठेवू नये. सहआरोपी बायको असेल तर हे वाक्य तिलाही लागू. आदेश लिहिताना ‘आरोपी क्रमांक दोन ही आरोपी क्रमांक एकची पत्नी आहे’ हे कोर्टापुढे ठळक आलंच नसेल, असंही होतं. तरीही अट जोवर कागदावर आहे तोवर ती पाळायची.

दुसरं: अमुक तालुक्याच्या किंवा पोलीस ठाण्याच्या हद्दीत, दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत, प्रवेश करू नये. यात बायकोचा उल्लेखही नसतो, पण घर त्याच हद्दीत असलं की संसार आपोआप दुभंगतो. इथं भेटायला बंदी नाही, तिथं जायला आहे. मिरज तालुक्याची हद्द बंद असेल तर अंकलीचा पूल ओलांडून उदगावला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, बायको येऊन भेटली तर या अटीचा भंग होत नाही. मात्र हद्द म्हणजे ठाण्याची, तालुक्याची की जिल्ह्याची, हे शब्द नीट बघा. विश्रामबाग ठाण्याची हद्द आणि मिरज तालुका यात बराच फरक आहे.

तिसरं, आणि हे जवळजवळ प्रत्येक आदेशात असतं: प्रकरणाची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीला धमकी, आमिष वा वचन देऊ नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये. हे कायद्यातच आहे. यानं नवरा-बायकोच्या एकत्र राहण्यावर बंदी येत नाही. पण दोषारोपपत्र आलं की साक्षीदारांची यादी काढून नावं वाचा. पुष्कळदा त्यात सासूबाई असतात, धाकटा दीर असतो, शेजारचा चुलतभाऊ असतो. एकाच चुलीवर जेवणारी माणसं. त्यांच्याशी दूध-पाण्याचं, पोरांच्या शाळेचं बोलणं म्हणजे दबाव नव्हे. केसबद्दल अक्षर काढायचं नाही. ‘कोर्टात तुम्ही असं सांगा’ हे जेवताना हसत म्हटलेलं वाक्यही पुढे महागात पडतं. घरात साक्षीदार असेल तर केसचं बोलणं वकिलांच्या ऑफिसातच करायचं, असा नियम घालून घ्या.

‘संपर्क’ म्हणजे कुठवर?

स्पष्ट बंदी असेल तर लोकांची कल्पकता इथं फुलून येते. मिस्ड कॉल देणं, व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस ठेवून निरोप पोचवणं, पोराच्या दप्तरात चिठ्ठी घालणं, मेहुण्याच्या फोनवरून कॉन्फरन्स लावणं. मला सगळ्यात चलाख वाटतो तो फोनपेचा प्रकार: एक रुपया पाठवायचा आणि खालच्या रकान्यात मजकूर लिहायचा. चलाख आहे, पण बँकेच्या नोंदीत तारीख-वेळेसकट कायमचा राहतो. आदेशात ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द असेल तर यातलं सगळं त्यात येतं. फोनवरून मेसेज पुसले म्हणून कॉलची नोंद जात नाही. तपासी अंमलदार मोबाईल कंपनीकडून सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, मागवतो, त्यात कुणी कुणाला केव्हा फोन लावला आणि कोणत्या टॉवरखाली होता हे येतं.

दोघांपैकी एक अजून आत असेल, सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा कारागृहात नाहीतर कोल्हापूरच्या कळंबा जेलात, आणि बाहेरच्याला सहआरोपीशी संपर्काची मनाई असेल, तर मुलाखतही संपर्कच. तिथं रजिस्टरला नाव लागतं. ई-मुलाखतीचंही तसंच. आधी कोर्टाची परवानगी घ्या.

वकिलांमार्फत बचावाचं बोलणं व्हायला हरकत नाही, पण वकील म्हणजे पोस्टमन नाही. आणि माझं स्पष्ट मत: दोघांचे वकील वेगळे असावेत. आज गळ्यात गळे असले तरी ‘सह्या माझ्या, पण व्यवहार यांनी केला’ असं म्हणण्याची वेळ केसमध्ये कधी येईल सांगता येत नाही, आणि तेव्हा एकच वकील दोघांची बाजू कशी मांडणार? खर्चाची अडचण असेल तर स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्यांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा.

एक गैरसमजही इथंच काढून टाकू. नवरा-बायकोतलं खाजगी बोलणं कोर्टात सांगायला एकाला भाग पाडता येत नाही, असं संरक्षण साक्ष अधिनियमाच्या कलम १२८ मध्ये आहे, आधी ते कलम १२२ होतं. ते खरंच आहे. पण ते पुराव्याबद्दलचं कलम आहे, त्यानं जामिनाची अट ढिली होत नाही. शिवाय एकानं दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याच्या केसमध्ये ते संरक्षण मिळत नाही.

हजेरी आणि तारीख

दोघांनाही ‘दर रविवारी दहा ते बारा’ अशी एकाच ठाण्यात हजेरी असते. संपर्काची मनाई नसेल तर खुशाल एकाच गाडीवर जा. असेल, तर एकाच मोटारसायकलवरून ठाण्याच्या दारात उतरणं हे स्वतःच्या हातानं पुरावा देणं झालं. एकानं दहाला जावं, दुसऱ्यानं साडेअकराला. त्यापेक्षा बरं म्हणजे वकिलांकडून एकाचा वार बदलून मागावा. हजेरीची सही झाली की वहीत तारीख, वेळ आणि ठाणे अंमलदारांचा हुद्दा लिहून ठेवा. पुढे अट शिथिल करायला हीच वही आणि ठाण्याची नोंद कामाला येते.

तारखेला मात्र दोघांनाही यावंच लागतं. सांगलीला विजयनगरच्या इमारतीत एकाच कोर्टापुढे नाव पुकारलं जाणार, दोघं एकाच पिंजऱ्यात उभी राहणार. यात भंग नाही, कोर्टानंच बोलावलंय. व्हरांड्यात वेगळ्या बाकावर बसा, चहाला एकत्र जाऊ नका. फिर्यादीची माणसं तिथंच असतात आणि मोबाईल सगळ्यांकडे आहेत.

अट बदलून घ्या

कोर्टाला जामिनावर अटी घालता येतात, पण वाटेल त्या नाहीत. २०२० साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटीचा तिच्या हेतूशी संबंध हवा आणि ती प्रमाणात हवी. आरोपी तारखेला यावा, तपास बिघडू नये, साक्षीदार सुरक्षित राहावेत, हे हेतू. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं आरोपीच्या हालचालींवर सतत पाळत ठेवता येईल अशी अट अमान्य केली. तेव्हा सात वर्षांच्या पोराची आई आणि बाप वेगळ्या गावांत राहिल्यानं साक्षीदारांचं नक्की काय संरक्षण होतं, हा प्रश्न अर्जात रीतसर विचारता येतो.

अर्ज ज्या कोर्टानं जामीन दिला तिथंच करतात. मॅजिस्ट्रेटनं घातलेली अट रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार सेशन कोर्टाला आणि उच्च न्यायालयालाही आहे, कलम ४८३ खाली. उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यात सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे येतात. पहाटेची एसटी धरली तरी दहाच्या आत पोचता.

अर्जाचा गाभा साधारण असा असतो:

‘अर्जदार व सहआरोपी क्र. २ हे कायदेशीर पती-पत्नी असून त्यांना दोन अज्ञान अपत्ये आहेत. तपास पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झाले आहे. आदेशातील अट क्र. ४ मुळे अर्जदारास कुटुंबासमवेत राहता येत नाही. सबब सदर अट शिथिल करून अर्जदारास सहआरोपी क्र. २ यांच्यासमवेत राहत्या घरी राहण्यास परवानगी व्हावी. अन्य सर्व अटी अर्जदार पाळत आहे व पुढेही पाळील.’

सोबत विवाह नोंदणीचा दाखला, रेशनकार्ड, मुलांचा शाळेचा बोनाफाईड, कुणी आजारी असेल तर दवाखान्याची कागदं आणि हजेरीचा तपशील जोडा. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर अर्ज केला तर वजन जास्त पडतं, कारण ‘तपासात अडथळा येईल’ हे सरकार पक्षाचं मुख्य म्हणणं तेव्हा लटकं पडतं. पोटापाण्याचं कारण असेल तर ते संकोच न करता लिहा. ऊसतोडीला उचल (आगाऊ मजुरी) घेताना जोडप्याचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एक हिशोब, धरतात. जतच्या किंवा आटपाडीच्या जोडप्याला फडात एकत्र जाता येत नसेल तर उचल अंगावर राहते आणि मुकादम दारात येतो. संपर्काच्या अटीनं अख्खी मजुरी बुडते, हे कोर्टाला सांगितल्याशिवाय कळणार कसं?

अर्ज दाखल झाला की सरकारी वकिलांचा आणि तपासी अंमलदारांचा से (लेखी म्हणणं) मागवला जातो. इथं एकदोन तारखा जातात. ठाण्यात नम्रपणे चौकशी केली तर से लवकर येतो. आदेश झाला की नक्कल घ्या, एक प्रत पोलीस ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मग एकत्र राहायला लागा. ‘साहेबांनी तोंडी हो म्हटलं’ यावर संसार मांडू नका. फौजदारांना कोर्टाची अट माफ करता येत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते. तासगाव भागातलं एक जोडपं धरा. दोघांच्या वेगवेगळ्या आदेशांत एकमेकांशी संपर्काची मनाई आहे. नवऱ्याच्या वकिलांनी अर्ज केला, अट निघाली, नवरा घरी आला. बायकोच्या आदेशातली अट मात्र तशीच. त्या रात्रीपासून नवरा सुरक्षित आणि बायको अटभंगात, तेही स्वतःच्या घरात बसून! फिर्यादीनं जामीन रद्द करण्याचा अर्ज दिला तर तो तिच्याविरुद्ध जाणार. कागद दोन असतील तर अर्ज दोन, आदेश दोन, पोच दोन. एकाचा आदेश आधी झाला तर दुसऱ्याचा होईपर्यंत थांबायचं, मग आठ दिवस लागोत की महिना.

एकमेकांवरच गुन्हे असतील तर

बायकोनं छळाची फिर्याद दिलेली, म्हणजे जुनं ४९८-अ, आताचं न्याय संहितेचं ८५, आणि नवऱ्याकडून तिच्यावर नि तिच्या भावावर मारहाणीची. दोघंही एका केसमध्ये फिर्यादी, दुसरीत आरोपी. इथं नवऱ्याच्या आदेशातली ‘फिर्यादीशी संपर्क करू नये’ ही अट बायकोच्या रक्षणासाठी आहे, आणि कोर्ट ती सहजी काढत नाही. स्त्रियांवरच्या गुन्ह्यांत आरोपी आणि पीडितेचा संपर्क घडवणाऱ्या जामीन अटी घालू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १८ मार्च २०२१ च्या निकालात बजावलं आहे.

त्यात घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण आदेश झाला असेल तर भंगाला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. ‘तिनंच फोन करून बोलावलं’ हा बचाव पुरुषमंडळी हमखास सांगतात. आदेश त्याच्यावर आहे. तिनं बोलावल्यानं तो निघत नाही, ती कोर्टात अर्ज करील तेव्हा निघेल. फोन आला तर उचलू नये, वकिलांना कळवावं.

मनं खरोखरच जुळत असतील तर पंचांच्या बैठकीआधी कोर्टात सांगा आणि मध्यस्थी केंद्राकडे प्रकरण पाठवून घ्या. तिथं कोर्टाच्या सांगण्यावरूनच समोरासमोर बसता येतं. छळाचं कलम आपसात मिटवता येत नाही, तडजोड झाल्यावर गुन्हा रद्द करून घ्यायला कोल्हापूरच्या बेंचपुढे जावं लागतं. पण, बाई, तुमच्यावर ‘मिटव’ म्हणून दोन्ही घरांकडून दबाव असेल तर आदेश तसाच राहू द्या. तो राहिल्यानं तुमचं काही बिघडत नाही.

मुलांच्या खर्चाचे पैसे पाठवायचेच असतील तर कोर्टाच्या आदेशानं ठरलेल्या खात्यावर, मजकुराशिवाय.

तडीपारी आणि परिवीक्षा

तडीपारी महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. टोळी म्हणून कलम ५५ लावलं तर नवरा-बायको दोघंही तडीपार होऊ शकतात. बंदी हद्दीची असते, माणसांची नव्हे, त्यामुळे हद्दीबाहेर दोघांनी एकत्र राहायला तेवढ्यानं अडचण येत नाही. आदेशात शेजारचे तालुके जोडलेले असतात, ते मात्र बघा. साताऱ्यातून तडीपार झालेला नीरेला राहायला गेला आणि आदेशात पुरंदरही निघालं, अशी पंचाईत नको. घरचं लग्न, मयत किंवा कोर्टाची तारीख असेल तर लेखी तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. आदेशावर अपिलाला ३० दिवस.

१९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटलेल्या जोडप्यांना भेटीची बंदी सहसा नसते. राहण्याच्या जागेची आणि व्यसनाची अट असू शकते. परिवीक्षा अधिकारी घरी येतात, विचारपूस करतात, अहवाल देतात. अट बदलायची तर अर्ज त्यांच्यामार्फत कोर्टात जातो, तेव्हा आधी त्यांनाच भेटा. पत्ता बदलण्याआधी तर नक्कीच.

अडचणीची वेळ

पोर तापानं फणफणलंय, रात्रीचे अकरा वाजलेत आणि दवाखान्यात दोघांचीही गरज आहे. जा. पोराला टाकून अट पाळा असं कुणी म्हणणार नाही. पण त्याच रात्री वकिलांना मेसेज करा, सकाळी ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या, दवाखान्याचा केसपेपर जपा आणि पुढच्या कामाच्या दिवशी कोर्टात अर्ज द्या. आपणहून सांगितलेली गोष्ट आणि फिर्यादीनं फोटो काढून दाखवलेली गोष्ट यांत कोर्ट फरक करतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठची गावंच्या गावं निवारा केंद्रांत आली होती. तसं पुन्हा झालं आणि दोघं एकाच शाळेत उतरली, किंवा बंदी असलेल्या हद्दीत जावं लागलं, तर तिथल्या तलाठ्यांकडून किंवा ग्रामसेवकांकडून तेवढ्या दिवसांचा दाखला घ्या.

अट मोडल्याचं सिद्ध झालं तर जामीन रद्द होऊन पुन्हा आत जावं लागतं, बाँडची रक्कम जप्त होऊ शकते, आणि त्यात जामीनदारही ओढला जातो. तो बहुधा तुमचाच चुलता किंवा मामा असतो, सातबारा देऊन उभा राहिलेला.

निकाल लागून दोघंही सुटलात तर जामिनाच्या अटी संपतात. तरी सुटण्याआधी कोर्ट वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी सहा महिन्यांचा बाँड घेतं, तेवढ्या काळात पत्ता बदलला तर कळवा. संरक्षण आदेश आणि तडीपारी यांचा या निकालाशी संबंध नाही, ते आपापल्या मुदतीनं किंवा आपापल्या अर्जानंच सुटतात. एकाला निर्दोष सोडलं आणि दुसऱ्याला शिक्षा झाली, तर शिक्षेला स्थगिती देणाऱ्या अपिलाच्या आदेशात नव्या अटी येतात. तो आदेश पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून घ्या.